आगगाडीतलं धोंड्याचं जेवण

मौजगड, आरक्षण खिडकी
सोमवार, ४ मे २०२६

आक्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तात्या उसाला पाणी पाजायला जातात, आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. वाईट बातमी कळवायला हे पत्र नाही.

पत्रच का, ते आधी सांगते. तू गेलीस तेव्हा तात्यांनी मला समोर बसवून म्हटलं होतं, "तिला फोन करायचा न्हाई. कबूल?" मी कबूल म्हटलं. चार वर्षं तो शब्द पाळला. मेसेजही फोनवरूनच जातो, म्हणून तोही केला नाही. परवा एका आजोबांना आमचं माहितीपत्रक पोस्टाने पाठवायचं होतं. पाकिटाला तिकीट लावता लावता लक्षात आलं, की तात्या पत्राचं काहीच बोलले नव्हते. ही पळवाट आहे का, याचा दोन दिवस विचार केला. असेलही. पण शब्द मोडत नाही, एवढं नक्की.

मी आता मौजगडावर नोकरीला आहे. कराडच्या अलीकडे हमरस्त्याला लागून तो खोटा किल्ला उभा राहिलाय ना, तोच. आत पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, राहायला खोल्या आणि जेवायला निरनिराळ्या नकलांची हॉटेलं. मी आरक्षणाच्या खिडकीवर बसते. लोक फोन करतात. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झालेली असतात, कुणाचं डोहाळजेवण असतं, कुणाचा मुलगा भरतीत निवडला गेलेला असतो. सगळे शेवटी एकच विचारतात, "मॅडम, तुमचं आवडतं हॉटेल कुठलं? तिथंच बसतो."

आणि मी जेवते कर्मचाऱ्यांच्या खानावळीत. न चाखलेल्या गोष्टीला आवडतं म्हणणं मला जड जायला लागलं. शेवटी मुख्य आचारी नानासोमामांकडे गेले आणि प्रत्येक ठिकाणचा एकेक घास चाखायला मागितला. ते शिराळ्याचे आहेत, तोंडाने मोकळे. "पोरी, हितं लोक पोटासाठी जेवत्यात, न्हाईतर फोटूसाठी. खरं बोलायसाठी जेवणारी तू पयलीच," म्हणाले. पण दिलं.

आता मुद्द्याचं. सतरा तारखेला अधिक महिना लागतोय. तुझ्या लग्नानंतरचा हा दुसरा. मागच्या अधिकात आईने पुरणाचे धोंडे केले होते. जावयासाठी करायचे ते धोंडे आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्ले. तात्यांनी एकच खाल्ला आणि हात धुतला. आता हाही अधिक तसाच गेला, तर पुढचा यायला पुन्हा तीन वर्षं. आईचा धीर तोवर टिकेल असं मला वाटत नाही.

तात्यांनी सयाजीकाकांना त्यांच्या मुलासाठी शब्द दिला होता, सुपारी फुटली होती, आणि तू सांगलीला जाऊन शिवतेज दाजींशी नोंदणी लग्न केलंस. हे तुला सांगायला नको. पण त्यांना राग दाजींचा नाही, पलटणीतल्या मित्राला दिलेला शब्द खाली पडला याचा आहे, असं मला हल्ली वाटतं. त्या दिवशी ते म्हणाले होते, "त्या पोराचं पाऊल माझ्या उंबऱ्याच्या आत पडायचं न्हाई." आणि तात्या बोललेलं मागे घेत नाहीत.

पण आक्का, मौजगड काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत नाही.

इथे कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्यांना जेवायला आणता येतं. मी तात्यांना विचारलं, "याल का?" ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. तुम्ही दोघंही तिथे असाल, हे मात्र मी अजून सांगितलेलं नाही.

दाजींना तिखट चालतं का? ते लाजतात की बोलतात? मी त्यांना एकदाच पाहिलंय, कराडच्या स्टँडवर, तुझी पिशवी धरून उभे होते आणि बाहीला लाकडाचा भुसा लागलेला होता. अशा माणसाला कुठे बसवावं, हे मला ठरवायचंय. उत्तर इथल्या पत्त्यावर पाठव.

तुझी
साक्षी


मौजगड
गुरुवार, १४ मे

आक्का,

तुझं पत्र मिळालं. कागदाला दाजींच्या वर्कशॉपचा वास होता, ताज्या सागाचा. दोनदा वाचलं, चारदा हुंगलं.

कुठे बसायचं या प्रश्नाला तू "कुठंही चालेल" असं लिहिलंस. आक्का, कुठंही चालेल म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. जेवून झाल्यावर तीच खिडकीशी येतात आणि म्हणतात, दुसरीकडं बसवलं असतं तर बरं झालं असतं.

तुझं दुसरं म्हणणं मात्र खरं आहे. फसवून मांडलेल्या पाटावर दाजी बसणार नाहीत. "तात्यांना आधी सांग, ते हो म्हणाले तरच येऊ," असं लिहिलंस. हे वाचून आधी रडू आलं आणि मग बरं वाटलं. तू लिहिलं नसतंस तर मी न सांगताच सगळ्यांना एका टेबलाशी आणलं असतं का? मला खात्री नाही. म्हणून तूच सांगितलंस ते बरं झालं. मी तात्यांना सांगते. रोज जिभेवर येतं. सोमवारी म्हणायला गेले तर मोटर जळली होती. मंगळवारी त्यांनीच विचारलं, "काय गं, तोंड का सुकलंय?" आणि मी चटकन म्हणाले, "ऊन." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तोवर जागेचं बघते. राजभोग नावाचं एक आहे, महालासारखं. दारात तुतारी वाजते आणि फेटा बांधलेली पोरं मुजरा करतात. तात्या मुजरा घेणार नाहीत, उलट त्या पोरांना तिथल्या तिथे ताठ उभं राहायला शिकवतील. तळ्यात एक तराफा आहे, त्यावर टेबलं. मासे छान मिळतात, पण अधिकात मासे कुठले, आणि आईला एसटीतसुद्धा मळमळतं. एक चूलमडकं आहे. भिंतींना सारवल्यासारखा रंग, वर गवत, अंगणात बाज, कोपऱ्यात चूल. पुण्याच्या लोकांना ते फार आवडतं. मी आईला फोटो दाखवला. फोन डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, "ह्यातनं भाईर पडावं म्हणून तुला शिकीवलं, आन तू मला जेवायला हितंच नेतीस व्हय?"

माझं आवडतं विचारशील तर आगगाडी. आता चाखून सांगते. भंगारात निघालेले दोन खरे डबे आणून उभे केलेत. समोरासमोर बाक, खिडक्यांना गज. टेबलांच्या कडेने एक चिमुकला रूळ जातो. त्यावरून खेळण्यातली गाडी भटारखान्यातून ताटं घेऊन निघते, शिट्टी देते आणि ज्याचं टेबल त्याच्यापुढे थांबते. पोरं तर वेडी होतात. तिथलं वरण साधंच असतं, पण तात्यांच्या सगळ्या गोष्टी रेल्वेतल्याच ना गं. जम्मूला जाताना कुण्या अनोळखी बाईने दिलेल्या पुऱ्या, लोणच्याची बरणी फुटून अख्ख्या डब्याला सुटलेला वास. समोर माणूस बसला की आपला डबा उघडायचा, मग तो कोण का असेना, असं ते सांगायचे.

दाजीही समोरच बसतील.

एक अडचण निघाली. इथे बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई आहे. रोज मीच लोकांना डबे फाटकावर ठेवायला लावते, मग आईचे धोंडे आत कसे नेऊ? इथलेच धोंडे घेऊ म्हटलं तर आई उसळली. "इकतचं धोंडं जावयाला? लोकांचं ऱ्हाऊ दे, माझं मला काय वाटंल?" मी नानासोमामांपुढे रडकुंडीला आले. ते म्हणाले, "एवढंच न्हवं? तुझ्या आईला सकाळच्याला माझ्या भटारखान्यात आण. हितं रांधलं ते भाईरचं कसं?" व्यवस्थापक वीरधवल साहेबांना रीतसर विचारलं. ते हसले आणि हो म्हणाले.

बघ, सगळं असंच चाललंय. नियम मोडायचा नाही आणि वाट तर काढायची. हे मी कुणाकडून घेतलं, कोण जाणे.

साक्षी


मौजगड
रविवार, २४ मे

आक्का,

सांगितलं.

बुधवारी माझी दुपारपाळी नव्हती, म्हणून तात्यांचा डबा घेऊन मीच शेतात गेले. ते बांधावर आंब्याखाली बसले. पहिला घास तोंडात गेला आणि मी एका दमात बोलून टाकलं. "तात्या, मौजगडावर जेवायला जायचं ना, तिथं आक्का आणि दाजी पण येतील. अधिक आहे. पण तुम्ही हो म्हणालात तरच येतील, असं दोघांनी कळवलंय."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

"दाजी म्हंजी कोण?"

"शिवतेज दाजी."

"तू फोन केलास तिला."

"नाही. पत्र लिहिलं."

"पत्र?"

"तुम्ही फोनचं म्हणाला होतात, तात्या."

त्यांनी हातातला तुकडा कालवणात बुडवला. मग म्हणाले, "पत्राचं म्या कायबी म्हणलं न्हवतं, खरं हाय." आणि थोड्या वेळाने, "लय शिकलीस." रागाने म्हणाले की कसे, मला अजून कळलेलं नाही. डबा मात्र पूर्ण संपवला.

दोन दिवस एक शब्द नाही. आई भांडी जरा जास्तच आपटत होती. शनिवारी सकाळी मी चपला घालत होते, तर मागून आवाज आला, "तितं उंबरा हाय का?"

"कुठं?"

"तुझ्या त्या हाटेलात."

आक्का, मी कामाला गेल्या गेल्या सगळी हॉटेलं पुन्हा फिरले. या वेळी जेवण बघायला नाही, दारं बघायला. राजभोगाला सागवानी उंबरा आहे, वर पितळी पट्टी. चूलमडक्याच्या उंबऱ्यावर तर रोज ताजं हळदकुंकू लावतात. आगगाडीला लोखंडी पायऱ्या आहेत आणि मग सरळ डब्याची जमीन. पायरीला उंबरा म्हणायचं का? मी नानासोमामांना विचारलं. ते कांदा चिरत होते. "रेल्वेत चढताना कुणी उंबरा वलांडला म्हणतंय व्हय गं?" म्हणाले. तरी माझं समाधान होईना. मी गुडघ्यावर बसून दाराच्या तळाशी हात फिरवून पाहिला. झाडणारी राहीबाई म्हणाली, "काय हरवलं का मॅडम?"

घरी येऊन सांगितलं, "तात्या, आगगाडीला पायऱ्या आहेत. उंबरा नाही."

"मग तितंच घे," म्हणाले आणि पेपर उघडला.

बुधवार, तीन जून, दुपारी. तुम्ही साडेबाराला या. पण आक्का, एक ऐक. त्यांनी येतो म्हटलंय, बोलतो म्हटलेलं नाही. पाय धुणं, टॉवेल-टोपी, वाण असलं काही होईल असं मनात धरून येऊ नकोस. तुला माहीतच आहे, आजवर ते एकाच जेवणाचं कौतुक करत आलेत, पलटणीतल्या बड्या खान्याचं. मोठे साहेब स्वतः हातात बादली घेऊन जवानांना वाढतात, ते सांगताना त्यांचा आवाज कसा होतो, आठवतं ना? हॉटेलातलं त्यांना काही गोड लागणार नाही.

मी त्यातल्या त्यात निर्धास्त आहे ती एकाच गोष्टीने. आगगाडीत कुणी कुणाला वाढायची गरज पडत नाही. गाडीच ताट आणून ठेवते. म्हणजे तात्यांना दाजींना वाढावं लागणार नाही आणि वाढलं नाही म्हणून कुणाला लागणारही नाही.

दाजींना म्हणावं, बाहीला भुसा असला तरी चालेल.

साक्षी


घर
शनिवार, ६ जून

आक्का,

तू होतीस तिथे, तरी मी लिहिते. मला ते कागदावर हवंय. आणि तू पाहिलं नाहीस असंही बरंच आहे.

तात्या खिडकीशी, समोर दाजी. दोघेही खिडकीबाहेर बघत होते, जसा काही गाडीला वेगच आलाय. बाहेर दिसत होता तो फक्त मोटारी लावायचा तळ. आईने दाजींना तीनदा विचारलं, सांगलीत नळाला पाणी रोज येतं का. तिन्ही वेळा दाजी म्हणाले, "येतंय की मामी." तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. मी मनात म्हणत होते, ताटं आली की सुटलो.

मग शिट्टी झाली. गाडी भटारखान्यातून निघाली, वळण घेऊन आली आणि दोन टेबलं अलीकडे, त्या चिमुकल्या सिग्नलशी थांबली. लाल दिवा. हिरवा होईचना. इतक्या दिवसांत ती गाडी एकदाही अशी थांबली नव्हती आणि आजच थांबावी! मी उठणार, तेवढ्यात तात्या उठले.

त्यांनी गाडीवरचं ताट दोन्ही हातांनी उचललं, आणलं आणि दाजींपुढे ठेवलं. पुन्हा गेले, धोंड्यांचं पातेलं आणलं. पुन्हा गेले, तूप आणलं. दाजी अर्धवट उठून म्हणाले, "मामा, तुम्ही बसा, मी घेतो."

"बसतो. आदी तुमी," तात्या म्हणाले. आणि मग, "पाव्हणं, हात आडवा घालू नगा. तुपाची धार मोडू न्हाई."

पाव्हणं म्हणाले, आक्का. आईने तोंड खिडकीकडे केलं ते तेव्हाच.

त्यानंतर ते बसलेच नाहीत. एका हातात पातेलं, दुसऱ्यात पळी, पाठ ताठ, अगदी बड्या खान्यातल्या साहेबासारखे. दाजींना नको म्हणायचं धाडस होईना आणि तात्यांना थांबायचं कळेना. धोंड्यावर धोंडा पडत होता. शेवटी तू टेबलाखालून दाजींना पाय मारलास, तेव्हा कुठे ते "बास" म्हणाले. आणि तात्या म्हणाले, "एवढ्यात?" तुम्ही सगळे हसलात. मी हसले नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या लाल दिव्याकडे होतं.

आता तू न पाहिलेलं.

गुरुवारी कामावर गेले आणि आधी नानासोमामांकडे गेले. गाडी बंद पडल्याची तक्रार लिहायला हवी होती. माझ्याच घरचं जेवण होतं म्हणून ती दडपायची, हे मला पटेना. मामा पोट धरून हसले. "बिघडली कवा? बंद केल्ती."

तात्या सोमवारीच येऊन गेले होते, त्या दिवशी मला सुटी होती. मला म्हणाले होते कारखान्यावर जातो. दोन एसट्या बदलून मौजगडावर आले, दोन्ही डबे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आपल्या टेबलाशी बसून पाहिलं, उठून पाहिलं. फौजेत पुढे जाऊन मुलूख बघून येतात, तसं. मग नानासोमामांना विचारलं, "ही गाडी ताट कुणापुढं ठिवती?"

"ज्याचं त्येच्यापुढं, आपसूक."

"म्हंजी माझ्या जावयाला इंजान वाढणार व्हय?"

मग दोघांनी मिळून ठरवलं, गाडी सिग्नलशी थांबवायची. जाताना तात्यांनी त्यांना बजावलं, "पोरीला सांगू नगासा. ती लय भेती."

जावई हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला तो आपल्यापुढे नाही, शिराळ्याच्या एका आचाऱ्यापुढे. तुझ्यापासून हे लपवून ठेवणं मला जमलं नाही. मी नानासोमामांना विचारून घेतलंय.

आणि आता काल सकाळचं. धाड धाड आवाज आला म्हणून मी आणि आई बाहेर धावलो. तात्या हातात पहार घेऊन दारात उकिडवे बसलेले. उंबरा उखडत होते.

आई ओरडली, "आवं! नांदत्या घराचा उंबरा काढत्यात व्हय?"

"तुझं गुडघं दुखत्यात न्हवं का?"

"माझं गुडघं धा वरसं दुखत्यात! आजच दिसलं व्हय तुमास्नी?"

त्यांनी पहार पुन्हा घातली. उंबरा निघाला, तो भिंतीशी नीट टेकवून ठेवला, माती झाडली, आणि दार आता असं दिसतंय, जसं कुणाचे पुढचे दात पडावेत. आईने त्या जागी पाणी शिंपडलं आणि रांगोळी काढली, कारण रिकामं तिला बघवेना. मला वाटतं, तिला माझ्या आधी कळलं.

दुपारी तात्या म्हणाले, "पत्र लिव्हणार असशील न्हवं?"

"हो."

"मग लिव्ह. उंबरा कुजला हुता म्हणावं."

कुजलेला नव्हता, आक्का. साधी वाळवीसुद्धा नाही त्याला. पण त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, आणि हे माझं वेगळं.

मग तात्या म्हणाले, "पाव्हण्यांचं लाकडाचंच काम हाय न्हवं? नवा करून आणा म्हणावं. आन सवता बसवा. दुसऱ्या कुणाच्या हातचा मला चालायचा न्हाई."

"तात्या, बसवायला त्यांना आत यावं लागेल."

"उंबरा कुटं हाय आता?" ते म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला. "मी बोल्लो ते बोल्लो. फिरवलं न्हाई."

माप आम्ही दोघांनी घेतलं. फितीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. लांबी तीन फूट दोन इंच, रुंदी पाच इंच. दाजींना म्हणावं सागच घ्या. अधिक पंधरा तारखेपर्यंत आहे, त्याच्या आत या. आईने पीठ मळायचं मनात धरलंच आहे.

उंची किती लिहू, असं मी विचारलं. त्यांनी फीत गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाले, "क्रांतीला इचार. ल्हानपणी तीच अडखळून पडायची."

तुझं नाव घेतलं त्यांनी, आक्का. तर उंची किती ठेवायची, ते कळव. पत्रानेच कळव. फोनचं मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

तुझी
साक्षी